शालनमावशींची हिरवी सही

परवा पुण्यात एका सत्काराला गेले होते. सत्कारमूर्ती मोठे लेखक. अंगावर शाल, हातात नारळ, समोर कॅमेऱ्यांची रांग, आणि माईकवर सांगत काय होते? "खरा लेखक प्रसिद्धीपासून दूर असतो. दुकानात टेबल मांडून सह्या वाटणं हे सिनेमावाल्यांचं काम." सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. शाल अंगावर असताना हे बोलायला जीभ कशी वळते, एवढंच मनात आलं. आणि शालनमावशी आठवल्या.

शालनमावशी लहान मुलांसाठी गोष्टी लिहायच्या. पळसदेवच्या बाजूला अंगणवाडी सेविका म्हणून आयुष्य गेलं, निवृत्त झाल्यावर तीन पुस्तकं आली. त्यांना पुस्तकांच्या दुकानात जाऊन वाचन करायला, टेबलाशी बसून सह्या करायला आवडायचं. नुसतं आवडायचं असं नव्हे, त्यांना त्याचा शौक होता. आणि हा शौक त्यांनी कधीही, कुणापासूनही, एका मिनिटासाठीसुद्धा लपवला नाही. आपल्याकडे बाईनं लिहिलं तर चालतं. मुलांसाठी लिहिलं तर "वा, छान वेळ जातो" म्हणून कौतुकही होतं. पण त्या बाईनं त्यात उघड मजा घेतली की लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. मावशींनी त्या आठ्या बघितल्या आणि मजा वाढवली.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते बारामतीत. गावोगावची वाचनालयं बंद पडतायत म्हणून आम्ही पत्रकं वाटत होतो. एका मुलीनं नोकरी सोडून काढलेलं काचेच्या दाराचं छोटं पुस्तकांचं दुकान होतं, तिथं गर्दी दिसली म्हणून गठ्ठा घेऊन आत शिरले. आत उलटाच प्रकार. सगळ्या खुर्च्यांवर पोरं पाय हलवत बसलेली, आणि सतरंजीवर त्यांचे आईबाप. एक डॉक्टर, इस्त्रीच्या पँटची घडी सांभाळत, मांडी घालायची की गुडघे वर घ्यायचे या विवंचनेत. समोर जांभळ्या इरकल साडीतल्या मावशी. एकानं विचारलंच, "हे असं का?"

"खुर्ची कशाला असती? उंची मिळायला," मावशी म्हणाल्या. "ज्याला उंची न्हाय त्याला द्यायची. तुमाला आणखी उंची पायजे व्हय?"

मी पत्रक पुढं केलं. त्यांनी तिथल्या तिथं ते पोरांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्या परिच्छेदाला एक पोरगं जांभई देत खुर्चीवरून घसरलं. पत्रक परत देत म्हणाल्या, "पोरी, खरं लिवलंयस. पण ह्यात माणसं कुठं हायत? नुसतंच ओरडणं हाय." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'पत्रकवाली' झाले, आणि जिथं त्यांचं वाचन तिथं जायला लागले.

वाचनाच्या आदल्या दिवशी त्या पार्लरला जाऊन भुवया करून यायच्या. साठी उलटलेली बाई! गल्लीत बायका हसायच्या. एकदा शेजारणीनं माझ्यासमोरच टोमणा मारला, "काय मावशी, लगीन हाय का कुणाचं?"

"माझंच हाय. पोरांसंगं."

"ह्या वयात शोभतं व्हय?"

"नवरीनं नटायचं, पुढाऱ्यानं नटायचं, पोळ्याला बैलानं नटायचं. लेखकानं तेवढं धुतल्या तांदळावानी बसायचं का? तू पण ये. तुला सतरंजी ठेवते."

सही त्या हिरव्या शाईनं करायच्या. हिरवी शाई म्हणजे मोठ्या साहेबाची, राजपत्रित अधिकाऱ्याची. अंगणवाडीत असताना प्रत्येक कागदावर कुणीतरी साहेब हिरवा फराटा ओढायचा आणि ह्यांची निळी सही खाली कोपऱ्यात. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी हिरव्या शाईची दौत आणली. कुणी हटकलं तर म्हणायच्या, "ह्या पुस्तकाची साहेब मीच हाय." सही झाली की ओल्या शाईवर फुंकर मारायचं काम ज्याचं पुस्तक त्याचं. एका पोरानं इतक्या जोरानं फुंकलं की शाई गालावर उडाली. दिवसभर ती त्यांनी पुसली नाही.

शाळांमधून बोलावणी यायची. त्या जायच्याही, पण त्यांना खरं सुख पुस्तकांच्या दुकानात. मी कारण विचारलं. म्हणाल्या, "शाळंत पोरं बसवलेली असत्यात. दुकानात आलेली असत्यात." यावर मी चार पानी पत्रक लिहिलं असतं. त्यांनी दोन वाक्यांत संपवलं.

पण सगळ्यात मोठी भानगड त्यांच्या सहीच्या अटीची होती. मावशींची सही अशीच मिळत नसे. पोरानं आधी एक खोटं बोलायचं. साधंसुधं नाही, चांगलं खोटं, ऐकणाऱ्याला मजा यावी असं. ते खोटं त्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहायच्या आणि त्याखाली सही करायच्या. लोणी भापकरचं एक पोरगं म्हणालं, "आमच्या म्हशीनं मोबाईल गिळलाय. फोन आला की पोटात वाजतो, अन् ती दूध द्यायची थांबती." मावशींनी लिहिलं. भिगवणची एक मुलगी म्हणाली, "फ्लेमिंगो माझ्या मामाच्या दुकानात आला होता बूट घ्यायला. पण त्यानं एकच बूट घेतला." मावशी इतक्या हसल्या की पेन खाली ठेवावं लागलं. पाणी प्यायल्या, पुन्हा हसल्या, मग लिहिलं.

एक पोरगं छाती काढून आलं, "मी वर्गात पहिला आलो."

"हे खोटं न्हाय बाळा, ही बढाई हाय. रांगेत माघारी जा, दुसरं घिऊन ये."

आणि एकदा एक लहान मुलगी आली. बाप मागं उभा होता, मोबाईलमध्ये डोकं घालून. ती म्हणाली, "माझे पप्पा रोज संध्याकाळी लवकर घरी येतात." मावशी हसल्या नाहीत. अक्षर बारीक करून लिहिलं, सही केली, आणि पुस्तक बापाच्या हातात दिलं. "फुंकर तुमी मारा," म्हणाल्या.

साहजिकच आरडाओरडा झाला. बारामतीत एक मुख्याध्यापिका तावातावानं आल्या. "तुम्ही मुलांना खोटं बोलायला शिकवता?"

"ते घरात आणि शाळंत शिकूनच येत्यात की, बाई," मावशी म्हणाल्या. "मी नुसतं चांगलं बोलाय शिकवते. ज्याला चांगलं खोटं जमतं ना, त्याला दुसऱ्याचं खोटं लगेच वळखू येतं."

हे वाक्य पुढं खरं ठरलं, आणि महागातही पडलं. ते सांगते.

मावशींचं तिसरं पुस्तक 'चिलापीचं लगीन'. चिलापी म्हणजे उजनीच्या पाण्यातला आपला रोजचा मासा. धरणात बुडालेल्या जुन्या देवळात चिलापीचं लग्न ठरतं. वऱ्हाड जमतं, आणि स्वागत समितीचा अध्यक्ष असतो खेकडा. तो कळसावर चढून भाषण करतो: बंधूभगिनींनो, आपण पुढं चाललोय, आपण सतत पुढं चाललोय. असं म्हणत म्हणत तो आडवा सरकत जातो आणि शेवटी कळसावरून खाली पडतो. तरी बोलतोच. बास. एवढाच खेकडा.

इंदापुरात एक अण्णासाहेब आहेत. एका शिक्षण संस्थेचे सचिव. संस्थेच्या शाळा बऱ्याच, आणि चौकाचौकात फ्लेक्स. पुस्तक येऊन दोन महिने झाले तरी खेकडा म्हणजे अण्णासाहेब असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ते डोक्यात आलं अण्णासाहेबांच्याच एका कार्यकर्त्याच्या. त्यानं मावशींना फोन करून दम दिला, "अण्णासाहेबांना खेकडा का म्हणलं?" झालं! त्या आठवड्यात अख्ख्या इंदापुरानं पुस्तक मागितलं. ज्यांनी आयुष्यात पुस्तक विकत घेतलं नव्हतं ते दुकानात येऊन हळूच विचारायचे, "ते खेकड्याचं आलंय का?"

मी मावशींना एकदा स्पष्ट विचारलं, "खरं सांगा, तुमच्या मनात कोण होतं?"

"पोरी, उजनीत खेकडं अण्णासायबांच्या आधीपासून हायत," त्या म्हणाल्या.

आता दुकानाबद्दल. इंदापूरला बसस्टँडच्या मागं तात्यांचं दुकान. तात्या म्हणजे कमी बोलणारे, मोठ्या चष्म्याचे, पुस्तकाला ब्राउन पेपरचं कव्हर घालण्यात पटाईत. दुकान तसं गाईडांचं आणि पाठ्यपुस्तकांचं. जूनमध्ये अण्णासाहेबांच्या संस्थेच्या शाळांची सगळी मागणी तात्यांकडं यायची, आणि त्या जूनवर वर्ष निघायचं. मागच्या भिंतीला एक कपाट गोष्टीच्या पुस्तकांचं. ते कपाट तात्यांचा शौक. मावशींचं वाचन त्या कपाटासमोर ठरलं होतं, एप्रिलच्या शेवटच्या रविवारी. तीन दिवस आधी तात्यांना अण्णासाहेबांकडून निरोप आला: वाचनात खेकडा नको. पुढच्या छपाईतूनही काढा. नाहीतर जूनचं आम्ही बघून घेऊ.

म्हणजे बघा. खेकडा मावशींचा, पण नांगी तात्यांना लागणार. दबाव आणायची ही रीत ह्या लोकांना कुठल्या शाळेत शिकवतात? मी त्याच संध्याकाळी पत्रकाचा मसुदा केला. मावशींनी तो वाचलाही नाही. सकाळची एसटी धरून त्या इंदापूरला गेल्या, मीही गेले.

तात्या काउंटरमागं कव्हर घालत बसले होते. मावशी स्टुलावर टेकल्या.

"तात्या, खेकडा मी काढणार न्हाय. आज न्हाय, उद्या न्हाय. पण दुकान तुमचं हाय. तुमी नको म्हणा, मी रागावणार न्हाय. मी स्टँडावर वाचीन."

तात्यांनी कव्हराची कड नखानं दाबली. "स्टँडावर गाड्यांचा आवाज लई असतोय."

"असू दे."

"पोरांना बसाय सावली न्हाय तितं."

"मग?"

"मग काय मग! आयुष्यभर गाईडं विकली, मावशी. पोरं आली, गाईड घिऊन गेली, पास झाली, परत कधी दुकानात आली न्हाईत. एकदा तरी पुस्तक विकू द्या की मला." आणि आत वळून ओरडले, "खुर्च्या पुसून ठिवा रं रविवारच्या!"

मी म्हटलं, "तात्या, जूनचं काय?"

"जून जूनमदी येतोय," तात्या म्हणाले.

रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मावशी भुवया करून, जांभळी साडी नेसून आल्या होत्या आणि नवरीसारख्या खुशीत होत्या. मला वाटलं होतं, थोड्या तरी घाबरतील. त्या तात्यांना विचारत होत्या, टेबलावर फुलं हायत का. वाचन सुरू होणार एवढ्यात बाहेर गाड्या थांबल्या. पांढरे कपडे आत आले. मध्ये अण्णासाहेब. मागं पाच-सहा जण, एक कॅमेरावाला. अण्णासाहेबांचा हिशेब सरळ होता: समोर मी उभा राहिलो की म्हातारी खेकडा वाचणार नाही.

"अण्णासाहेबांना खुर्ची द्या रे!" एक कार्यकर्ता ओरडला.

खुर्च्यांवर पोरं होती. एक-दोन उठायला लागली.

"बसा रं," मावशी म्हणाल्या. "खुर्च्या पोरांच्या. या अण्णासायेब, सतरंजी हाय. धुतलेली हाय."

अण्णासाहेब बसले नाहीत. गाईडांच्या रॅकला टेकून हाताची घडी घालून उभे राहिले. मावशींनी पुस्तक उघडलं. पहिल्यापासून वाचायला लागल्या. चिलापीची हळद झाली, वऱ्हाड आलं. खेकड्याचं पान आलं तशी दुकानातली मोठी माणसं अण्णासाहेबांकडं बघायला लागली. तात्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

मावशींनी ते पान वगळलं तर नाहीच, उठून उभ्या राहून वाचलं. "बंधूभगिनींनो, आपण पुढं चाललोय," असं म्हणत टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडव्या सरकत गेल्या. पोरं किंचाळत हसली. मोठी माणसं तोंडाला रुमाल लावून. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं? अण्णासाहेबांनी बरोबर आणलेली माणसं. त्यातला एक तर रॅक धरून वाकला होता. जी रोज जवळून बघतात, त्यांना हसू जास्त येणारच की.

अण्णासाहेब राजकारणात मुरलेला माणूस. हसण्यात सामील झाले. टाळ्या वाजवल्या. वाचन संपल्यावर रांग लागली तर स्वतः पुस्तक घेऊन टेबलाशी आले, पोरांच्या पुढं. कॅमेरावाला वाकला. "आम्हालाही द्या सही, मावशी. आम्ही वाचकच आहोत तुमचे."

"देते की. रांगेत पोरं हायत, पण असू दे, पावण्याचा मान. आधी एक खोटं सांगा."

"म्हणजे?"

खुर्चीवरून एका पोरीनं समजावलं, "खोटं सांगितल्याशिवाय सही मिळत नाही, काका. ते वर लिहितात."

अण्णासाहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं होतं. मग ते मान ताठ करून, कॅमेऱ्याकडं बघत म्हणाले, "माफ करा. आम्हाला खोटं बोलायला जमत नाही."

मावशींनी त्यांच्याकडं बघितलं. खरंच खूश झाल्या होत्या त्या, एखाद्या पोरानं पहिल्या झटक्यात अचूक जमवावं तशा.

"वा! लई भारी हाय," म्हणाल्या, आणि हिरव्या शाईत लिहिलं: आम्हाला खोटं बोलायला जमत नाही. खाली सही केली. पुस्तक पुढं सरकवलं. "फुंकर मारा, वली हाय."

पोरांना आधी कळलं. मग सगळ्यांना. त्या हसण्यात फोटो निघाला. संध्याकाळपर्यंत तो ज्याच्या त्याच्या मोबाईलवर होता, पानावरचं अक्षर मोठं करून.

जून आला. शाळांची पाठ्यपुस्तकं दुसऱ्याच दुकानातून गेली. ना कागद, ना फोन, ना कारण. ह्या लोकांची पद्धतच ती. विचारायला जावं तर म्हणतात, आम्ही कुठं काय केलं? ऐन हंगामात तात्या रिकाम्या काउंटरमागं बसून एकाच पुस्तकाला दोनदा कव्हर घालताना मी पाहिलेत. मी म्हटलं, मोर्चा काढू. संस्थेच्या दारात बसू. मी अजूनही म्हणते, काढायला हवा होता. मावशी म्हणाल्या, "मोर्चा एक दिवस. मी दर रविवारी येते." तात्यांनी नको म्हटलं, एसटीच्या भाड्याचा खर्च कशाला म्हणून. त्या म्हणाल्या, "तुमच्यासाठी येत न्हाय, तात्या. मला आवडतं म्हणून येते." आणि ते खरं होतं. तात्यांचं दुकान गेलं तर पोरांना यायला जागा कुठली, हेही तितकंच खरं होतं, पण ते त्या बोलल्या नाहीत.

मग दर रविवारी त्या आल्या. कधी वीस पोरं, कधी चार. ज्या आईबापांची पोरं संस्थेच्या शाळेत, ते आधी यायला भ्यायचे. मग पोरांना कोपऱ्यावर सोडून पुढं जायला लागले. मग एक-दोन सतरंजीवर बसले. दुकान वाचलं असं मी म्हणणार नाही. दुकान तगलं. भाडं भागवायला तात्यांना पुढचा अर्धा भाग ज्यूसवाल्याला द्यावा लागला.

मी मावशींना शेवटचं पाहिलं ते अशाच एका रविवारी. मला नगरला काम मिळालं होतं, निरोप घ्यायला गेले होते. नंतर मावशी लेकीकडं राहायला गेल्या, आणि मग भेट झालीच नाही. दुकानात ऊन पार आतपर्यंत आलं होतं. पुढं ज्यूसवाल्याचा मिक्सर घरघरत होता, गिऱ्हाईकं मोसंबी-मोसंबी ओरडत होती, आणि मागं कपाटासमोर सात-आठ पोरं खुर्च्यांवर. मावशी उभ्या होत्या. खेकडा कळसावर चढला होता. मिक्सरवर आवाज चढवत, मानेच्या शिरा ताणून त्या वाचत होत्या. ज्यूसवाला पोरांकडं बघून ओशाळला. त्यानं बटण दाबलं.

मिक्सर थांबला. मावशींचा आवाज खाली आला नाही.